दिल्लीची इंग्रजी वाङ्मयीन नियतकालिके आणि मराठी साहित्य : कागद ते आंतरजाल

१

इ. स. १९५४ या एका वर्षात दिल्लीमध्ये तीन घटना घडल्या. १२ मार्च रोजी साहित्य अकादमीचे उद्घाटन झाले. मे महिन्यात, प्रकाशित ग्रंथांच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना देणे प्रकाशकांवर बंधनकारक करणारा कायदा अस्तित्वात आला. आणि त्याच वर्षी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन राजधानीत भरले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्या संमेलनाचे अध्यक्ष होते. पुढल्याच वर्षी, म्हणजे १९५५ मध्ये, अकादमीचा मराठीसाठीचा पहिला पुरस्कार त्यांच्याच 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथास मिळाला.

या तीन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. तथापि सात दशकांनंतर मागे वळून पाहताना त्यांतून एकाच व्यवहाराच्या तीन बाजू दिसू लागतात. अनेक भाषांतील साहित्य एकत्र कोणी आणावयाचे, एकत्र आणलेले कोठे जतन करावयाचे आणि या साऱ्यात मराठीने कोणत्या वाटेने उभे राहावयाचे, हे ते तीन प्रश्न होत. प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा विचार एका मर्यादित साधनाच्या आधारे केला आहे. ते साधन म्हणजे भारतीय भाषांतील लेखन इंग्रजीतून वाचकांपुढे ठेवणारे वाङ्मयीन नियतकालिक. त्याचे सर्वांत अलीकडचे रूप आंतरजालावरील मासिकाचे आहे. परंतु त्याची परंपरा दिल्लीत कागदावर घडली, आणि ती परंपरा ध्यानात घेतल्याखेरीज आजच्या रूपाचे मोल ठरवता येत नाही.

निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. आंतरजालीय मासिकाने पृष्ठसंख्या, टपाल आणि वितरण यांच्या मर्यादा दूर केल्या; मात्र छापील नियतकालिकाच्या अंगी न सांगता असलेला एक गुण त्याने गमावला. तो गुण म्हणजे अनेक प्रतींचे अस्तित्व. छापील मासिक बंद पडते तेव्हा त्याचे पुढचे अंक निघत नाहीत; संकेतस्थळ बंद पडते तेव्हा मागचेही अंक जातात. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला ही केवळ ग्रंथालयशास्त्राची अडचण वाटू नये. आपण ज्या सामग्रीवर तुलना उभी करतो ती सामग्रीच येथे पणाला लागलेली आहे.

२

प्रथम 'प्रादेशिक' या विशेषणाविषयी. दिल्लीच्या इंग्रजी वाङ्मयव्यवहारात मराठी, बंगाली, तमिळ, कन्नड या भाषांना प्रादेशिक म्हणण्याची रीत दीर्घकाळ रुळलेली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख, तर इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांची सुमारे २ लाख ६० हजार होती. यातील दुसऱ्या भाषेला 'अखिल भारतीय' आणि पहिलीला 'प्रादेशिक' म्हटले जाते, ते अर्थातच बोलणाऱ्यांच्या संख्येवरून नव्हे. एका भाषेतून दुसऱ्या भाषेकडे जाताना ज्या भाषेतून जावे लागते तिला मध्यवर्ती स्थान मिळते. इंग्रजी नियतकालिक हे त्या मध्यवर्ती स्थानाचे एक कार्यालयच होय. आणि त्यातील बरीच कार्यालये दिल्लीत होती.

त्यांपैकी पहिले महत्त्वाचे नियतकालिक म्हणजे साहित्य अकादमीचे 'इंडियन लिटरेचर'. त्याचा पहिला अंक १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये निघाला. आरंभी सहामाही, पुढे त्रैमासिक आणि नंतर द्वैमासिक असा त्याचा प्रवास झाला. भारतीय साहित्य अनेक भाषांतून लिहिले जात असले तरी ते एकच आहे, हे अकादमीचे घोषित सूत्र या नियतकालिकाच्या रचनेतही उतरले होते. अकादमीने मान्यता दिलेल्या भाषांची संख्या वाढत वाढत २४ झाली. एवढ्या भाषांना एका अंकात, किंवा निदान एका वर्षाच्या अंकांत, जागा द्यावयाची म्हणजे प्रतिनिधित्व हेच निवडीचे पहिले तत्त्व होणार हे उघड आहे.

मराठीला या व्यवस्थेत एक घरचा दुवा लाभला होता. ग्वाल्हेरला जन्मलेले, हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांत लिहिणारे प्रभाकर माचवे हे १९५४ पासून अकादमीच्या सेवेत होते, आणि १९७१ ते १९७५ या काळात ते तिचे सचिव होते. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी माणसाने मराठी साहित्याची वार्ता इतर भाषकांना द्यावी, ही गोष्ट बृहन्महाराष्ट्राच्या इतिहासाशी सुसंगतच म्हणावी लागेल.

येथे 'वार्ता' हा शब्द हेतुपूर्वक वापरला आहे. 'इंडियन लिटरेचर'च्या आरंभीच्या दशकांत भाषावार वार्षिक आढाव्यांना महत्त्वाचे स्थान होते. वर्षभरात कोणते कवितासंग्रह आले, कोणत्या कादंबऱ्या गाजल्या, कोणाला पुरस्कार मिळाला, याचा संक्षिप्त वृत्तांत त्यात असे. अशा आढाव्यांचे मोल संदर्भसाधन म्हणून मोठे आहे. परंतु आढावा वाचून साहित्य वाचल्याचा अनुभव येत नाही. मराठी साहित्याविषयीची माहिती आणि मराठी साहित्याची संहिता यांतील हे अंतर संस्थेच्या नियतकालिकाला पूर्णपणे मिटवता आले नाही, कारण माहिती समप्रमाणात वाटता येते, संहिता येत नाही.

३

संहितेला अग्रस्थान देणारे नियतकालिक दिल्लीत १९७३ मध्ये सुरू झाले. मीनाक्षी मुखर्जी यांनी संपादिलेले 'वागर्थ' हे ते नियतकालिक. १९७९ पर्यंत ते चालले. पुण्यासह अनेक ठिकाणी अध्यापन केलेल्या आणि 'द ट्वाइस बॉर्न फिक्शन' (१९७१) या ग्रंथाने भारतीय इंग्रजी कादंबरीच्या समीक्षेला वळण देणाऱ्या या विदुषीने इंग्रजीतील मूळ लेखनाऐवजी भारतीय भाषांतील लेखनाच्या इंग्रजी अनुवादासाठी नियतकालिक काढावे, यात एक भूमिका होती. इंग्रजीत लिहिणारे मोजके लेखक म्हणजे भारतीय साहित्य नव्हे, हे इंग्रजीच्याच अध्यापकाने इंग्रजीतून सांगणे त्या काळी आवश्यक होते.

नियतकालिकाचे नावही विचार करण्याजोगे आहे. 'रघुवंशा'च्या आरंभी कालिदासाने पार्वती-परमेश्वरांना शब्द आणि अर्थ यांच्या नित्यसंबंधाची उपमा दिली आहे. शब्द आणि अर्थ वेगळे करता येत नाहीत, हा त्या उपमेचा गाभा. अनुवाद मात्र अर्थाला एका शब्दापासून सोडवून दुसऱ्याशी जोडू पाहतो. अनुवादाला वाहिलेल्या नियतकालिकाने हे नाव धारण करावे यात विसंगती आहे असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु या नावातून अनुवादावरचा एक निर्बंधही सूचित होतो : मूळ शब्दाचा विसर पडू देऊ नये. पुढे आंतरजालीय मासिकांचा विचार करताना हा निर्बंध आपल्या उपयोगी पडेल.

'वागर्थ' हे प्रतिनिधित्वाच्या तत्त्वावर उभे नव्हते; ते संपादकाच्या अभिरुचीवर उभे होते. त्यामुळेच ते एका व्यक्तीच्या परिश्रमाइतकेच टिकू शकले. १९९० मध्ये निस्सीम इझिकेल आणि मीनाक्षी मुखर्जी यांनी संपादित केलेले 'अनदर इंडिया' हे समकालीन कथा-कवितांचे संकलन पेंग्विनने प्रकाशित केले. नियतकालिकामागची दृष्टी ग्रंथरूपाने पुन्हा वाचकांपुढे आली ती येथे. नियतकालिक संपते, परंतु त्याच्या निवडीतून ग्रंथ सिद्ध होतो, अशी ही परंपरा आहे. मराठी वाचकाला तिचे आश्चर्य वाटणार नाही, कारण 'सत्यकथे'तून आणि दिवाळी अंकांतून संग्रह सिद्ध होण्याची रीत त्याच्या परिचयाची आहे.

४

'वागर्थ'च्या आगेमागे मराठीचे इंग्रजीकरण दिल्लीबाहेरही चालू होते, आणि त्याची दखल घेतल्याशिवाय दिल्लीचे स्थान नेमके कळणार नाही. मुंबईत १९६७ मध्ये दिलीप चित्रे यांनी १९४५ ते १९६५ या काळातील मराठी कवितेचे इंग्रजी संकलन प्रसिद्ध केले. अमेरिकेत, शिकागो येथे १९६३ मध्ये निघालेले 'महफिल' हे पुढे 'जर्नल ऑफ साउथ एशियन लिटरेचर' झाले. त्याचा १९८२ मधील एक संपूर्ण अंक 'अ मराठी सँपलर' या नावाने मराठी कथा-कवितेला दिलेला होता. ऐंशीच्या दशकात गणेश देवी यांनी बडोद्याहून 'सेतु' हे भारतीय साहित्याच्या इंग्रजी अनुवादांचे नियतकालिक चालवले.

या सर्व प्रयत्नांत मराठीची एक अडचण सारखी डोकावते. साठोत्तरी पिढीतील काही प्रमुख लेखक द्विभाषिक होते. अरुण कोलटकरांचे 'जेजुरी' इंग्रजीत १९७४ मध्ये एका त्रैमासिकात आणि १९७६ मध्ये ग्रंथरूपाने आले. मराठी 'जेजुरी' मात्र त्यांच्या निधनानंतर, २०११ मध्ये प्रकाशित झाली. किरण नगरकरांची पहिली कादंबरी 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) मराठीत, पुढच्या इंग्रजीत. विलास सारंग यांनी आपल्याच कथा इंग्रजीत आणल्या. 'प्रादेशिक लेखन इंग्रजीतून' या चौकटीत मूळ आणि अनुवाद अशी सरळ क्रमवारी गृहीत असते. या लेखकांच्या बाबतीत ती क्रमवारी उलटते किंवा निरर्थक ठरते. नियतकालिकाच्या अनुक्रमणिकेत 'मराठीतून अनुवादित' असा एक शिक्का पुरतो. साहित्येतिहासाला तो पुरत नाही.

दुसरी अडचण वाङ्मयप्रकारांची. नियतकालिकाची पाने मोजकी. म्हणून कविता आणि लघुकथा हेच त्याचे स्वाभाविक प्रकार ठरतात. कादंबरीला ग्रंथप्रकाशकाची वाट पाहावी लागते. 'कोसला' १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि सुधाकर मराठे यांचा इंग्रजी अनुवाद १९९७ मध्ये आला : अंतर ३४ वर्षांचे. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ चे, इंग्रजी रूप २००३ चे : १९ वर्षे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, जेरी पिंटो यांचा अनुवाद दिल्लीतून २०१५ मध्ये निघाला : ३७ वर्षे. या काळात इंग्रजीतून वाचणाऱ्या अभ्यासकापुढे दलित साहित्य होते ते मुख्यतः कवितेच्या आणि आत्मकथनांतील वेच्यांच्या रूपाने. १९९२ मध्ये अर्जुन डांगळे यांचे 'पॉयझन्ड ब्रेड' आणि मुल्कराज आनंद व एलिनॉर झेलियट यांचे संकलन अशी दोन संकलने आली, तरी त्यांचाही मुख्य आधार निवडक अंश हाच होता. आत्मकथनाची पूर्ण लय अंशातून कळत नाही. तौलनिक अभ्यासात मराठी दलित साहित्याची जी प्रतिमा दीर्घकाळ प्रचलित राहिली, ती घडवण्यात या अंशवाचनाचा वाटा तपासून पाहण्याजोगा आहे.

दिल्लीतील 'कथा' या संस्थेने १९९१ पासून 'कथा प्राइझ स्टोरीज' या वार्षिक खंडांच्या रूपाने वेगळी पद्धत रूढ केली. गीता धर्मराजन यांच्या पुढाकाराने चाललेल्या या उपक्रमात प्रत्येक भाषेतील जाणकाराने त्या भाषेतील नियतकालिकांतून कथा सुचवावी आणि तिचा इंग्रजी अनुवाद खंडात यावा, अशी योजना होती. लेखकाबरोबर अनुवादकाचा आणि ती कथा प्रथम छापणाऱ्या नियतकालिकाचाही गौरव करण्याची कल्पना तिच्यात होती. ही कल्पना मराठीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची होय. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढल्यापासून मराठी कथेचे खरे निवासस्थान दिवाळी अंक हेच राहिले आहे. इंग्रजीत आलेली मराठी कथा बहुधा हे निवासस्थान मागे टाकून येते. शेजारी कोणती कथा होती, कोणता लेख होता, संपादक कोण होता, हे सारे गळते. मूळ नियतकालिकाचा निर्देश केल्याने निदान घराचा पत्ता राहतो.

२००० मध्ये अंतरा देव सेन आणि प्रतीक कांजीलाल यांनी दिल्लीतून 'द लिटिल मॅगझिन' सुरू केले. मराठी अनियतकालिकांच्या चळवळीशी या नावाचा संबंध केवळ शब्दाचा आहे. 'शब्द', 'असो', 'वाचा' यांसारखी अनियतकालिके प्रस्थापित मासिकांविरुद्ध बंड म्हणून निघाली आणि अल्पायुषी होण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. दिल्लीचे हे नियतकालिक विषयवार अंक काढणारे, नेटके छापलेले आणि दक्षिण आशियातील अनेक भाषांना इंग्रजीत एकत्र आणणारे होते. कागदावरच्या परंपरेचे ते शेवटचे महत्त्वाचे वळण म्हणता येईल, कारण पुढच्या दशकात हा व्यवहार आंतरजालाकडे वळला.

५

आंतरजालावर नगराचे महत्त्व वरवर पाहता संपते. 'म्यूज इंडिया' हे २००५ मध्ये हैदराबादहून जी. एस. पी. राव यांनी सुरू केले. भारतीय भाषांतील साहित्याला इंग्रजीतून व्यासपीठ देणे हा त्याचा हेतू. एखाद्या भाषेवर विशेष विभाग योजणे आणि भाषांसाठी स्वतंत्र सहसंपादक नेमणे ही त्याची रीत. ही रचना 'इंडियन लिटरेचर'च्या प्रतिनिधित्वतत्त्वाची आठवण करून देते. फरक इतकाच, की तेथे शासनपुरस्कृत संस्था होती, येथे स्वयंसेवी परिश्रम होते. 'प्रतिलिपि' हे हिंदी-इंग्रजी द्विभाषिक आंतरजालीय नियतकालिक २००८ मध्ये जयपूरहून गिरिराज किराडू आणि राहुल सोनी यांनी सुरू केले. शर्मिष्ठा मोहंती यांच्या 'ऑलमोस्ट आयलंड'चा वाचक कोठेही असला, तरी त्याच्या लेखक-संवादाच्या बैठका दिल्लीत, इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये भरत. २०१५ च्या सुमारास दिल्लीतीलच इंडियन रायटर्स फोरमने 'गुफ्तगू' हे आंतरजालीय नियतकालिक काढले. अकादमीचे माजी सचिव के. सच्चिदानंदन हे त्याच्याशी संबद्ध होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. ज्यांनी पूर्वी 'इंडियन लिटरेचर'चे संपादन केले होते, तेच आता संस्थेच्या बाहेर, कागदाच्या बाहेर तेच कार्य वेगळ्या जाणिवेने करीत होते. मासिके कोठूनही निघाली तरी लेखकांच्या बैठका, अकादमीची ग्रंथालये आणि इंग्रजी प्रकाशनगृहे यांमुळे दिल्लीचे केंद्रत्व या काळातही पुष्कळ अंशी टिकून राहिले.

मराठी कवितेला या काळाचा लाभ झाला हे मान्य केले पाहिजे. सचिन केतकर यांनी संपादित केलेले 'लाइव्ह अपडेट' (२००५) हे नव्वदोत्तर मराठी कवितेचे इंग्रजी संकलन हेमंत दिवटे यांच्या पोएट्रीवालाने मुंबईतून काढले, आणि त्याच सुमारास त्या पिढीची कविता आंतरजालीय मासिकांतून दूरवर पोहोचू लागली. रॉटरडॅमच्या 'पोएट्री इंटरनॅशनल'च्या संकेतस्थळावरील भारतविभाग अरुंधती सुब्रमण्यम पाहत असत. तेथे मूळ कविता आणि तिचा अनुवाद शेजारी-शेजारी देण्याची पद्धत होती. 'प्रतिलिपि'नेही दोन भाषांना एकाच अंकात समान स्थान दिले. कागदावर मूळ संहिता छापावयाची तर पाने दुप्पट होतात, खर्च वाढतो, देवनागरीची जुळणी वेगळी करावी लागते. युनिकोडने ही अडचण पुष्कळ अंशी दूर केली. 'वागर्थ' या नावात जो निर्बंध सूचित होता, तो पाळण्याचे तांत्रिक सामर्थ्य प्रथमच आंतरजालाने दिले.

हे सामर्थ्य बहुतांश मासिकांनी वापरले नाही, ही मात्र खेदाची बाब होय. पानांची मर्यादा गेली तरी निवडीच्या सवयी राहिल्या. कविता तीन किंवा चार, कथा एक, लेखकाचा परिचय पाच ओळींचा, अनुवादकाचा दोन ओळींचा : ही मोजमापे छापील अंकाची होती, ती पडद्यावर जशीच्या तशी आली. कादंबरीचे सलग प्रकाशन, दीर्घ ललित निबंध, लोकनाट्याची संहिता, ओव्यांचे संकलन, यांना आता जागेचे बंधन नसतानाही जागा क्वचितच मिळाली. मूळ रचना कोणत्या संग्रहातील, कोणत्या वर्षीची, कोणत्या आवृत्तीची, याचे निर्देश अनेकदा आढळत नाहीत. परिणामी १९७२ ची कविता आणि २००२ ची कविता एकाच पडद्यावर, एकाच काळातील असल्यासारख्या उभ्या राहतात. कालानुक्रम हरवलेले साहित्य तुलनेला सोपे वाटते. परंतु ती तुलना इतिहासाची राहत नाही.

६

आता प्रारंभीच्या प्रतिपादनाकडे वळता येईल. 'प्रतिलिपि'चे अंक निघणे थांबून बराच काळ लोटला आहे. आज ते नाव आंतरजालावर शोधले असता प्रथम समोर येते ते बंगळूरुहून चालणारे, २०१४ मध्ये सुरू झालेले, कोणालाही कथा प्रकाशित करू देणारे एक पूर्णतः वेगळे व्यासपीठ. नामसाम्य योगायोगाचे असले तरी त्याचा परिणाम वाङ्मयेतिहासावर होतो. २००८ मधील एका नियतकालिकाचा नुसता मागोवा घेण्यासाठीही अभ्यासकाला आधी हे नामसाम्य ओळखावे लागते. याउलट १९५७ पासूनचे 'इंडियन लिटरेचर' आणि १९८२ चा 'अ मराठी सँपलर' असलेले अमेरिकन नियतकालिक, ही दोन्ही जेस्टोर या संग्रहात पानागणिक, अंकागणिक, वर्षागणिक उपलब्ध आहेत. कागदावर जन्मलेली नियतकालिके आंतरजालावर टिकून आहेत. आंतरजालावर जन्मलेल्यांची तेथे शाश्वती नाही.

या विरोधाभासाचे कारण साधे आहे. छापील अंकाच्या शेकडो प्रती वेगवेगळ्या ठिकाणी जातात. त्यांतील काही वाळवीच्या, काही रद्दीच्या वाट्याला येतात; काही एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात बांधीव खंडाच्या रूपाने उरतात, आणि पुढे त्यांवरून अंकीय प्रती तयार होतात. कोणी जपून ठेवायचे ठरवले नाही तरी थोडेसे जपले जातेच. मराठी अनियतकालिकांचे चक्रमुद्रित अंक आज अभ्यासकांना मिळतात ते अशाच एखाद्या जुन्या वाचकाच्या ट्रंकेतून. संकेतस्थळाची मात्र वाचकाकडे प्रत नसते. त्याच्याकडे असतो तो केवळ दुवा. मूळ प्रत भाड्याच्या संगणकावर एकच असते. नावाचे नूतनीकरण एका वर्षी राहिले, की सारे अंक एकाच दिवशी अदृश्य होतात. इंटरनेट अर्काइव्ह या अमेरिकेतील संस्थेने १९९६ पासून जाळ्यावरील पानांच्या नकला साठवल्या आहेत, आणि अनेक लुप्त पाने तिच्यामुळेच पुन्हा पाहता येतात. परंतु ती नक्कल त्या संस्थेच्या यंत्राने केव्हा फेरी मारली यावर अवलंबून असते, संपादकाच्या इच्छेवर नव्हे.

कायद्याची स्थिती याहून बोलकी आहे. १९५४ च्या कायद्याने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालये यांना ग्रंथांच्या प्रती देणे अनिवार्य केले. १९५६ च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रांची भर पडली. ही सारी तरतूद मुद्रित कागद डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. ब्रिटनमध्ये २०१३ पासून अमुद्रित प्रकाशनांनाही अशा जतनाच्या कक्षेत आणले गेले, आणि तेथील राष्ट्रीय ग्रंथालयांना देशातील संकेतस्थळे साठवण्याचा अधिकार मिळाला. आपल्याकडे अकादमी आणि ग्रंथप्रदानाचा कायदा एकाच वर्षी जन्मले. भाषांना एकत्र आणण्याचे कार्य आंतरजालापर्यंत पोहोचले, जतनाचा कायदा मात्र कागदापाशीच थांबला.

मराठीपुरते याचे गांभीर्य आणखी एका कारणाने वाढते. मूळ मराठी कविता संग्रहात राहते. तिचे अस्तित्व संकेतस्थळावर अवलंबून नसते. नष्ट होतो तो अनुवाद. अनुवादक बहुधा अध्यापक, संशोधक किंवा कवी असतो. त्याचे अनुवाद ग्रंथरूपाने येतातच असे नाही. त्याचा तो मसुदा, त्याची शब्दांची निवड, मराठीतील एखाद्या जातिवाचक किंवा नातेवाचक शब्दाशी त्याने केलेली तडजोड, हे सारे अनुवादाच्या इतिहासाचे अस्सल साधन असते. नामदेव ढसाळांच्या कवितेचे दिलीप चित्रेकृत अनुवाद २००७ मध्ये नवयानाने ग्रंथरूपाने काढले म्हणून ते आज तपासता येतात. ग्रंथाचे भाग्य न लाभलेल्या अनुवादकांची संख्या याहून कितीतरी मोठी आहे, आणि आंतरजालीय मासिके हेच त्यांचे एकमेव निवासस्थान होते.

७

या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल. नियतकालिक हे स्वभावतःच क्षणिक असते. त्याने टिकावे ही अपेक्षाच चुकीची, असे कोणी म्हणेल. अनियतकालिकांची परंपरा असलेल्या मराठी वाचकाला हा युक्तिवाद पटण्याजोगाही आहे. परंतु साठोत्तरी संपादकांनी अल्पायुष्य स्वीकारले ते स्वेच्छेने, आणि तेही कागदाच्या आधारावर. आंतरजालीय मासिकाचे विस्मरण कोणी ठरवून घडवून आणलेले नसते. बंडखोरीतून आलेले अल्पायुष्य आणि देयक थकल्याने आलेले अल्पायुष्य, यांत साहित्येतिहासाने भेद केला पाहिजे.

म्हणून या निबंधाच्या शेवटी काही सूचना नोंदवणे उचित ठरेल. पहिली संपादकांसाठी : प्रत्येक अनुवादाबरोबर मूळ रचनेचे नाव मूळ लिपीत, प्रथम प्रसिद्धीचे नियतकालिक किंवा ग्रंथ, वर्ष, आणि अनुवादाचा दिनांक या चार गोष्टी द्याव्यात; शक्य तेथे मूळ संहिताही द्यावी. दुसरी विद्यापीठांसाठी : भाषाविभागांनी आपापल्या भाषेतून इंग्रजीत आलेल्या नियतकालिकीय अनुवादांची सूची करावी आणि आंतरजालीय अंकांच्या प्रती स्वतःच्या संग्रहात ठेवाव्यात. मराठीसाठी हे काम महाराष्ट्राबाहेरील मराठी अध्यासनांनीच करणे अधिक सयुक्तिक, कारण या व्यवहाराची साधने दिल्ली, हैदराबाद, जयपूर, बडोदा अशी विखुरलेली आहेत. तिसरी अभ्यासकांसाठी : आंतरजालावरील अनुवादाचा उल्लेख करताना केवळ दुवा न देता त्या दिवशीची प्रत जवळ ठेवावी, आणि 'मराठी साहित्य' म्हणून आपण जे वाचले ते कोणत्या नियतकालिकाच्या कोणत्या निवडीतून आपल्यापर्यंत आले हे प्रथम तपासावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा घोषित झाला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा दिल्लीत भरले. १९५४ नंतरची ही सात दशके मराठी साहित्य राजधानीतून इतरांपर्यंत कसे गेले याचीही आहेत. अभिजातपणाची चर्चा करताना आपण शिलालेख आणि ताम्रपट यांचा आधार घेतो, कारण ते टिकले. गेल्या वीस वर्षांत मराठी कविता इंग्रजीतून जगासमोर कशी वाचली गेली, याचे पुरावे मात्र आजच विरळ होऊ लागले आहेत. ते जमवण्याचे काम पुढच्या पिढीवर सोडता येणार नाही. त्या पिढीच्या हाती ते उरलेलेच नसतील.